वीस मोजायचे

डोमाजी लांजेवारनं प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला,
पंकूला म्हणाला, मार सेल्फ.
अंगठा जागचा हलला नाही.
"पाहा जी," मला म्हणाला,
"फुंकरबी नाही उरली. चिमणीच्या पिल्लाचा श्वास याहून मोठा असते."

तीनदा बोअर मारून झालेलं.
चौथ्या मापाचा पिस्टन नागपुरातही मिळेना.
आमची अँबेसिडर, कंपनीची,
दारांवर पुसट अक्षरं : नाकाडे थिएटर्स, वडसा.
शंभर किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणारी,
आणि निळा धूर असा की मागच्या टेम्पोतले वादक
गावोगाव डोळे पुसतच उतरायचे.
लोकांना वाटे, नाटक रडकं दिसतंय.

दिवाळी पंधरा दिवसांवर. भाऊबीजेपासून मंडया.
घनश्यामभाऊंनी पवनीकडून मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणलं,
नहरात उलटलेल्या गाडीचं, पोत्यात गुंडाळून.
मी घासलेटात ब्रश बुडवून ते धूत बसलो
(प्रॉम्प्टरला दिवसा दुसरं काम काय),
तर माउंटिंगच्या खाचेत, काळ्या चिकट थराखाली
शिंगाड्याची साल निघाली.
दोन्ही काट्यांसकट.

मोहाच्या फांदीला चेन-कप्पी.
जुनं वर आलं तेव्हा गाडीचं नाक वीतभर उचललं,
पोतं उतरलेल्या हमालाच्या मानेसारखं.
ज्योत्स्नाबाई तालमीतून उठून आल्या.
बावीस हंगाम त्यांची पुढची सीट, पायांशी मेकअपची पेटी.
बॉनेटखालच्या पोकळीत वाकून बराच वेळ बघत राहिल्या.
"एवढीच जागा?"
कोणी काही बोललं नाही.

नवं बसता बसेना.
डोमाजीनं जाड पत्रा कापला, भोकं पाडली,
चुकली, पुन्हा पाडली.
रेडिएटर इंचभर पुढं, टॉर्शन बार दोन दाते वर,
वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पंकूचा शर्ट चाळणी.
शिव्या झाडीबोलीत, मापं सुतात.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं हात पुसले.
"आता घाई नाही चालत. डिझेल आहे.
चावी अर्धी फिरवा, हीटरची तार लाल होऊ द्या,
वीस मोजा. मग सेल्फ."

वीस मोजणं मला येतं.
पडद्यामागं रात्र रात्र तेच करतो.
नट थांबला की तो विसरलाय की अभिनय करतोय
हे कळेपर्यंत ओठांत आकडे.
मग शब्द. त्याच्यापुरता.

सतरा, अठरा.
मोहावरचे पोपट सगळे एकदम उडाले.

पहिली मंडई पवनीच्या अलीकडल्या गावी.
पूर्वी पोरांना आमची चाहूल शिवेवरच लागायची,
टायरामागं धुरळा खात पळायची.
या वेळी कोणी नाही.
धानाचे ढीग, रस्त्यात आडवी एक कोंबडी.
फक्त कोपऱ्यावरच्या घरातून एक म्हातारी,
पदर खोचत, हातात पायली घेऊन, जवळजवळ धावत.
"शिंगाडे आणले का जी? यंदा लय उशीर केला बापू."

ज्योत्स्नाबाई उतरल्या. रंग वडशापासूनच लावलेला,
कपाळावर नाटकातलं कुंकू, रुपयाएवढं.
म्हातारी बघतच राहिली.
काचेआड माझे ओठ सवयीनं हलले,
वाक्य पुरवायला.
पण बाईंनी तिच्या हातून पायली घेतली,
उलटी करून तळाशी टिचकी मारली,
बाजारात मारतात तशी.
"सकाळी आणते माय. आता नाटकाला ये."
हे कुठल्याच संहितेत नव्हतं.

तिसरा अंक संपायला साडेचार झाले.
राजा मागच्या सीटवर घोरत होता, मिशी एका बाजूनं सुटलेली.
पवनीच्या बाजारात, थंडीत,
आम्ही दोन पायल्या मोजून घेतल्या
आणि मागं फिरलो, वडशाच्या उलट.
अजून नीट उजाडलं नव्हतं.
गाडी तिच्या दाराशी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.
हॉर्न वाजवायची गरज पडली नाही.